खुडूक न बसणाऱ्या कोंबड्या

दहावीला आनुवंशिकता शिकवताना मी फळ्यावर दोन पतंग काढते. एक फिकट, एक काळा. झाडाचं खोड धुराने काळं पडलं की फिकट पतंग पक्ष्यांना लगेच दिसतात आणि खाल्ले जातात. काळे उरतात, आणि पुढच्या पिढीत काळ्यांची संख्या वाढते. मुलं हे मुकाट्याने वहीत उतरवून घेतात. मग कुणीतरी मागच्या बाकावरून विचारतं, "मॅडम, हे परदेशातलं झालं. आपल्याकडं असलं काय हुतं का?" इतकी वर्षं मी डास आणि फवारणीचं उदाहरण द्यायचे. ते खरंच आहे, पण मुलांच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. यंदा मी त्यांना माझ्या आईच्या कोंबड्यांबद्दल सांगितलं.

मी सुप्याला राहते. नवरा तिथल्या एका कारखान्यात आहे, मी जवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. माहेर काष्टीपासून थोडं आत. आमची वस्ती गावाच्या पूर्वेला, विहाराच्या मागे. घरापुढे अंगण आणि अंगणाला लागून भावाची लिंबोणीची छोटी बाग. लिंबोणीच्या फांद्या जमिनीपर्यंत टेकलेल्या असतात आणि काट्यांमुळे घारीला खाली झडप घालता येत नाही. आईच्या कोंबड्या त्या फांद्यांखाली दिवसभर उकरत असायच्या. संध्याकाळी आपणहून खुराड्यात शिरायच्या.

शेत वडिलांचं, नंतर भावाचं. कोंबड्या मात्र आईच्या. त्यांचं काय करायचं ते तीच ठरवायची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. नगरच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र घेतलं, तेव्हा एसटीचा पास आणि प्रयोगशाळेचा पांढरा कोट अंड्यांवरच आला. बेडकाची आकृती काढून घरी आणली की आई ती उलटसुलट करून बघायची आणि म्हणायची, "आमच्या कोंबड्यांनी हे बेडूक काढाया लावलं तुला." तिच्या बोलण्यात टोमणा नसायचा. तिला ते खरंच गमतीचं वाटायचं.

आईच्या कोंबड्यांची एक खूण होती. त्यांतल्या बऱ्याच जणींच्या मानेवर पिसं नसत. लालसर उघडी मान, खाली नेहमीसारखं अंग. पहिली तशी कोंबडी आईने तिच्या माहेराहून आणली होती. बघणाऱ्याला ती रोगट वाटे. पण उन्हाळ्यात बाकीच्या कोंबड्या चोच वासून सावलीत पडलेल्या असत, तेव्हा या उघड्या मानेच्या चरत असत. पुढे कॉलेजात कळलं की हा एका जनुकाचा खेळ आहे आणि पिसं कमी असली की अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. मी हे मोठ्या उत्साहाने घरी सांगितलं. आई म्हणाली, "मग शेजारनीला सांग. ती माझ्या कोंबड्यास्नी खरूजवाल्या म्हनती."

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी गेले, तेव्हा अंगणात एकही पिल्लू नव्हतं. चारदोन म्हाताऱ्या कोंबड्या आणि एक कोंबडा एवढंच उरलं होतं. आई उंबऱ्यावर बसून ज्वारी निवडत होती. गुडघ्यांमुळे तिचं शेतात जाणं थांबलं होतं आणि दिवसभर तिला पाहायला तेवढंच अंगण होतं.

"पिल्लं कुठायत?" मी विचारलं.

"पिल्लं कुठली? बसतंय कोन? अंडी घालत्यात आन फिराया जात्यात." तिने सूप बाजूला ठेवलं. "ह्या मेल्या की संपलं. माझ्या आयच्या घरनं आनलेल्या, माझ्यापर्यंतच म्हनायच्या."

हे तिने कोरड्या आवाजात सांगितलं आणि सूप पुन्हा पुढे ओढलं.

ज्यांच्या घरी कोंबड्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कोंबडीने काही अंडी घातली की तिला ती उबवाविशी वाटतात. ती अंगावरची पिसं फुगवते, जवळ गेलं की कुरकुरते, घरट्यावरून उठत नाही. आम्ही म्हणतो, खुडूक बसली. तिच्या पोटाखाली अंडी ठेवली की तीन आठवड्यांनी पिल्लं. गावात कोंबड्यांचा वंश पुढे जाण्याचा हाच रस्ता. मात्र खुडूक कोंबडी अंडी घालायची थांबते. त्यामुळे अंडी विकणाऱ्या घरात ती नकोशी होते. तिचं खुडूक मोडायला लोक तिला पाण्यात बुचकळतात, नाकपुडीत पीस अडकवतात.

भावाने दोन उपाय करून पाहिले होते. मोटारसायकलवरून पिल्लं विकणारा एक जण येतो, त्याच्याकडून त्याने रंगवलेली पिल्लं घेतली. गुलाबी, हिरवी. आईच्या मते ती कोंबडीची पिल्लंच नव्हती, होळीचं सामान होतं. घारीची सावली पडली तरी ती वर बघत उभी राहायची. लिंबोणीखाली पळा असं सांगणारी आई त्यांना नव्हती. आठवडा-दोन आठवड्यांत सगळी गेली. मग भावाने थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून अंडी ठेवली. वीज गेली. वीज आली. पुन्हा गेली. शेवटी खोकं उघडलं तेव्हा घरभर जो वास सुटला, त्यावर वहिनी अजून बोलते.

"आपल्या कोंबड्या पूर्वी बसायच्या की," मी म्हणाले. "माझ्या लहानपणी एकाच वेळी दोन-तीन बसलेल्या असायच्या."

"हुत्या तवा हुत्या. आता पान्याचा गुन बदलला."

"पानी न्हाई आये," भाऊ म्हणाला. "त्या सरकारी कोंबड्यानं इस्कोट केला."

कुठल्याशा योजनेतून वस्तीवर सुधारित जातीचे कोंबडे वाटले होते, त्याबद्दल तो बोलत होता. अंडी भरपूर देणाऱ्या त्या जातीतून बसण्याची सवय निवडून काढून टाकलेली असते. त्यांचं रक्त आमच्या कोंबड्यांत मिसळलं हे खरं. मी तेच कारण धरून चालले होते, आणि अर्धं कारण ते असेलही. पण दुसऱ्या दिवशी एक गोष्ट घडली.

माझा नवरा मला न्यायला येणार होता. जावई येणार म्हणजे गावरान कोंबडी कापायचीच, हा आमच्या घरचा नेम. भाऊ सकाळी खुराड्याकडे गेला आणि सवयीने सरळ अंड्यांच्या टोपलीत हात घातला. टोपली रिकामी होती. मग तो लिंबोणीत कोंबड्यांमागे धावत सुटला. काटे लागून सदरा फाटला तेव्हा थांबला.

"पयलं बरं हुतं," तो धापा टाकत म्हणाला. "एक तरी बसलेली घावायची. उचलायची आन आनायची. पळायचं काम न्हाई."

मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिले. वडील होते तेव्हा तेही हेच करायचे. पाहुणा आला की जी अंडी देत नाही ती कापायची, आणि नेमकी तीच पळत नसायची. आखाडात तीच, भाऊबीजेला तीच. आईसुद्धा म्हणायची, "ती खुडूक बसलीय, तीच घ्या." त्यात कुणाची चूक नव्हती. अंडी देणारी कोंबडी कोण कापेल? पण जी बसायची तिचा वंश भांड्यात जात होता आणि जिला बसायची इच्छा नव्हती तिची अंडी दुसऱ्या एखाद्या बसणारीखाली उबत होती. पिढीमागून पिढी आम्ही पक्ष्यांसारखे फिकट पतंग वेचत होतो. उबवायला म्हणून राखलेली शेवटची बसणारी कोंबडी म्हातारी होऊन मेली, आणि तिच्यामागे बसणारी उरली नाही.

मी हे आईला समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली.

"म्हंजे आमी खाऊन संपवल्या म्हन की."

"तसंच म्हणायचं."

"मग आता त्या वकून काढायच्या का?" असं म्हणून ती उठली आणि चुलीकडे गेली. बरोबरच होतं. कारण कळून पिल्लं निघत नाहीत.

संध्याकाळी भाकरी थापताना तीच म्हणाली, "नदीपलीकडच्या बायकडं अजून बसत असत्याल. तिच्याकडं माझीच कोंबडी दिल्ती." मग परात सरकवत पुढे म्हणाली, "पर मी न्हाई जायची."

नदीपलीकडची बाई म्हणजे मी जिला मावशी म्हणते ती. नात्याची नव्हे. आई आणि ती पूर्वी एकाच टोळीत कांदा काढायला जायच्या. मी शाळेत असताना आईने तिला एक उघड्या मानेची कोंबडी वाट्याने दिली होती. आमच्याकडे अशी पद्धत आहे. एकीने कोंबडी द्यायची, दुसरीने सांभाळायची, पहिली पिल्लं निघाली की निम्मी निम्मी वाटून घ्यायची, मग कोंबडी सांभाळणारीची. तो वाटा कधीच पुरा झाला होता. दिलेली कोंबडी परत मागू नये, मागितली तर दोन्ही घरची बरकत जाते, असं आई मानते. आणि दुसरं एक होतं. मावशीच्या अंगणात कधीही गेलं तरी निम्म्या कोंबड्या बसलेल्या असत, म्हणून आई तिच्या अंगणाला बाळंतिणींचा दवाखाना म्हणायची. टोळीत सगळ्यांसमोर म्हणायची. मावशीला ते लागलं होतं.

नवरा येऊन गेला. त्याच्या ताटात बाजारातली कोंबडी पडली. मी आणखी थोडे दिवस राहायचं ठरवलं आणि एका सकाळी आईला भावाच्या मोटारसायकलवर बसवून मीच घेऊन गेले. तिने पिशवीत भुसा भरला आणि त्यात आपल्या कोंबड्यांची अंडी ठेवली. कोंबडी परत मागायची नाही, पण आपली अंडी तिच्या कोंबडीखाली वाट्याने ठेवता येतात, अशी पळवाट तिने स्वतःच काढली होती. सगळ्या रस्त्यात ती पिशवी छातीशी धरून खड्ड्यागणिक मला ओरडत होती.

मावशी अंगणात शेण सारवत होती. तिने मान वर केली.

"अगं बया. आक्का, वाट चुकलीस व्हय?"

"पूल झालाय. वाट कशी चुकंल?"

"पूल हून लई दिस झालं. तुला आज दिसला?"

आई बसली. कांद्याबद्दल बोलली, गुडघ्याबद्दल बोलली, सुनेबद्दलही बोलली. पिशवी मांडीवर तशीच. मावशी सारवून उठली, हात धुतले, चहा ठेवला आणि चहा गाळता गाळता म्हणाली, "आन माझ्या बाळंतिनींच्या दवाखान्यात कसं काय येनं केलंस?"

आईने मांडीवरची पिशवी पुढे सरकवली. मग म्हणाली, "भरती कराया आनलंय."

मावशी एवढी हसली की चहा बशीत सांडला.

तिच्या वस्तीवर बाजार नाही, एसटी येत नाही. अंडी विकायला न्यायची तर वाटेतच फुटायची. म्हणून ती अंड्यांच्या नादाला लागलीच नाही. तिने पिल्लं वाढवली, मोठे कोंबडे जत्रेच्या दिवसांत येऊन लोक घेऊन जात. मी तिला विचारलं, "पाहुणे आले तर तुम्ही कोणती कापता?"

"जी उंडारत फिरती ती. बसत न्हाई ती माझ्या काय कामाची?"

तिने हे सहज सांगितलं, त्यात तिचं काही गणित नव्हतं. पण मला एकाच कोंबडीच्या वंशाचे दोन फाटे दिसले. नदीच्या या बाजूला बसणाऱ्या कापल्या गेल्या, त्या बाजूला न बसणाऱ्या. दोन अंगणांमधलं अंतर ते केवढं. शिवाय पलीकडे ते वाटलेले कोंबडेही पोचले नव्हते, त्यामुळे फरकाचं श्रेय नक्की कशाला किती द्यायचं हे मला सांगता येणार नाही. बसण्याची वृत्ती उघड्या मानेसारखी एका जनुकाची नसते, ती बऱ्याच जनुकांची मिळून असते. वर्गातही मी एवढंच सांगते.

मावशीने एका बसलेल्या कोंबडीखाली हात घातला. कोंबडी कुरकुरली, टोचली, पण उठली नाही. आई पिशवीतून अंडी काढू लागली. तेव्हा मी मध्ये पडले.

"आई, सगळी आपली नको. निम्मी मावशीच्या कोंबड्यांची ठेव."

"का? मला माझ्याच कोंबड्या पायजेत."

"तुझ्या अंड्यांतून पिल्लं निघतील. पण मोठी झाली की तीही बसणार नाहीत. पुन्हा तेच."

"का न्हाई बसायच्या? बसनारीच्या पोटाखालनं निघाल्या की शिकत्यात."

"बसणं शिकवून येत नाही. ते अंगातच असावं लागतं."

मावशीने माझ्याकडे मान वळवली. "व्हय गं मास्तरीनबाई? मग तू कुनाच्या अंगातली? तुझ्या आयनं तर शाळंचं तोंड बघितलं न्हाई."

"शाळा शिकण्यातली गोष्ट आहे, मावशी. खुडूक बसणं वेगळं."

"बघ आक्का. तुझ्या अंड्यातनं हे निघालं. आन तुलाच शिकवाया लागलं."

आई हसली नाही. ती अंड्यांकडे बघत होती. तिच्या हातातली अंडी म्हणजे तिच्या माहेराहून आलेलं शेवटचं काही होतं, आणि मी तिला त्यातलं निम्मं बाजूला ठेव म्हणत होते. मला ते कळत होतं, तरी मी माझं म्हणणं मागे घेतलं नाही.

तेवढ्यात कुंपणाकडून दोन तलंगा, म्हणजे नुकत्या वयात येणाऱ्या तरण्या कोंबड्या, भांडत अंगणात आल्या. एकीची मान उघडी होती. लालसर, अगदी आमच्या कोंबड्यांसारखी. आईने अंडी मांडीवर ठेवली.

"ही माझ्यातली हाय."

"तुझी कशी? दाना मी घातला," मावशी म्हणाली.

"दाना तुझा, मान माझी."

"मान घिऊन जा मग. बाकीची ठीव."

या वेळी दोघी हसल्या. आईने आपल्या अंड्यांतली निम्मी उचलून परत भुशात ठेवली आणि मावशीला म्हणाली, "दे तुझी. पर उघड्या मानंवाल्यांची दे." मान उघडी असली म्हणून ती कोंबडी बसणारी असेलच असं नसतं, दोन्ही गुणांचा एकमेकांशी संबंध नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी बोलले नाही. तिथल्या सगळ्याच बसणाऱ्या होत्या. आईला तिची खूण मिळाली, मला माझं निम्मं. मावशीने आमच्या अंड्यांवर कोळशाने रेघ ओढली, तिची कोरी ठेवली. टोपलीच्या कडेला लोखंडी खिळा ठेवला, विजेच्या गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून. पाऊस कधीच संपला होता. मी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी भावाने फोन केला की पिल्लं निघाली. कोळशाची रेघ टरफलाबरोबर उकिरड्यावर गेली होती. कुणाचं पिल्लू कोणत्या अंड्यातलं, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. वाटा ठरल्याप्रमाणे निम्मा निम्मा झाला आणि जरा मोठी झाल्यावर आमच्या वाट्याची पिल्लं डालग्याखाली झाकून आईने टेम्पोतून घरी आणली. काही मुंगसाने नेली. उरलेली लिंबोणीखाली वाढली. आई फोनवर आधी त्यांच्याबद्दल सांगायची, मग नातवंडांबद्दल.

उन्हाळा गेला. पाऊस झाल्यावर तलंगा अंडी घालू लागल्या. मी दर वेळी एकच विचारायचे आणि दर वेळी उत्तर एकच यायचं. "अजून न्हाई."

यंदा राखीला मी आणि नवरा दोघंही गेलो. आम्ही पोचलो तेव्हा भाऊ अंगणात हात धूत होता आणि वहिनीने मसाला वाटायला घेतला होता. "बसा भावजी," तो नवऱ्याला म्हणाला. "आज घरची. मागल्या खेपंची भरपाई." तो खुराड्याकडे वळला आणि नेहमीसारखा सरळ टोपलीत हात घातला. आतून कुरकुर ऐकू आली. त्याने हात झटकन बाहेर घेतला. मनगटावर टोचलेलं होतं.

टोपलीत उघड्या मानेची एक तलंग पिसं फुगवून बसली होती.

"घावली बघ," भाऊ आनंदाने म्हणाला. "पळायचं काम न्हाई." त्याने पुन्हा हात पुढे केला.

आई उंबऱ्यावर होती. गुडघे दुखत असतानाही ती इतक्या लवकर खुराड्यापाशी पोचली, की आम्ही सगळे बघत राहिलो. तिने भावाचा हात बाजूला केला.

"ही न्हाई."

"अगं आये, अंडी बंद झाली तिची."

"म्हनून तर न्हाई."

"आन भावजींना काय घालू?"

जावयाच्या ताटात गावरान कोंबडी नाही, असं सलग दुसऱ्या खेपेला होणार होतं. आईच्या दृष्टीने हे साधं नव्हतं. तिने माझ्या नवऱ्याकडे बघितलं आणि पदर नीट केला.

"जावईबापू, राग मानू नका. आज अंड्याचं कालवण करते."

नवरा म्हणाला, "मला तेच जास्त आवडतं." ते खरं नव्हतं.

ती तलंग आमच्या अंड्यातली होती की मावशीच्या, ते कळायला मार्ग नाही. मी आईला तसं सांगितलं. ती बाकीच्या कोंबड्यांची अंडी गोळा करत होती. चांगली तेवढी तिने बाजूला ठेवली, त्यांच्यावर कोळशाने काही लिहिलं नाही, आणि एकेक अंडं त्या कुरकुरणाऱ्या पोटाखाली सरकवलं. कालवणाला जी उरली ती थोडी लहान होती.